सैनिक-कवी आणि त्यांचं युद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातल्या कवींवर मी मराठीत लिहितो, जमतील तसे अनुवाद करतो, कुणी बोलावलं तर वाचनकट्ट्यांवर बोलतोही. मग मेल येतात. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तेच प्रश्न. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. भर इंग्रजी कवींवर आहे, कारण माझं वाचन तिथलं. बाकीच्या भाषांबद्दल प्रश्न १३ मध्ये, आपल्याकडच्यांबद्दल १४ आणि १५ मध्ये.

१. सैनिक-कवी म्हणजे नेमकं कोण? युद्धावर कविता करणारा प्रत्येक जण का?

नाही. युद्धावर कविता करायला घराबाहेर पडावं लागत नाही. टेनिसनने लाइट ब्रिगेडच्या हल्ल्यावरची ती प्रसिद्ध कविता वर्तमानपत्रातली बातमी वाचून लिहिली. सैनिक-कवी म्हणजे ज्याने वर्दी अंगावर चढवली आणि त्या जगण्यातून लिहिलं तो. त्याने बंदूक चालवलीच पाहिजे असं नाही. 'इन फ्लँडर्स फील्ड्स' लिहिणारा जॉन मॅक्रे हा कॅनडाच्या सैन्यातला डॉक्टर होता.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ११ नोव्हेंबर १९८५ रोजी एक शिळा बसवली गेली. तिच्यावर पहिल्या महायुद्धातल्या १६ कवींची नावं आहेत. त्यातला एकच, रॉबर्ट ग्रेव्हज, तेव्हा हयात होता. तोही त्याच डिसेंबरात गेला.

२. सगळे पहिल्या महायुद्धातलेच का? त्याआधी सैनिक कविता करत नव्हते?

करत असतील, पण छापून फारसं उरलं नाही. त्याआधी लढणारा वेगळा आणि गाणारा वेगळा अशीच वाटणी होती. आपल्याकडेही अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. शाहीर लढणाऱ्याच्या शेजारी उभा राहून डफावर थाप मारतो, त्याच्या कातडीत शिरत नाही.

१९१४ नंतर चित्र पालटलं. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शिकलेल्या दोन पिढ्या हाताशी होत्या. आधी हौशी स्वयंसेवक म्हणून आणि १९१६ पासून सक्तीच्या भरतीने कारकून, शिक्षक, चित्रकार, विद्यार्थी असे सगळे पलटणीत आले. हे लढाई हा पेशा असलेले लोक नव्हते. त्यात लढाई एका जागी अडकलेली. खंदकात दिवसचे दिवस नुसतं बसून राहायचं. टपाल नियमित येई, घरून पुस्तकं येत, कागद-पेन्सिल मिळे. लिहिता येणारा माणूस, भरपूर रिकामा वेळ आणि डोक्यावर तोफगोळे, असा योग आधी इतक्या मोठ्या प्रमाणावर आलाच नव्हता.

३. या कविता खरंच खंदकात बसून, गोळ्यांच्या आवाजात लिहिल्या का?

काही लिहिल्या. पण ज्या कवितांमुळे ही नावं टिकली, त्यांतल्या बऱ्याच आघाडीपासून लांब, हॉस्पिटलात किंवा इंग्लंडातल्या छावणीत उतरल्या. हे सांगितलं की लोक हिरमुसतात. मला मात्र यातलीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे दिसते.

विल्फ्रेड ओवेनचं एक उदाहरण जवळून बघू. जानेवारी १९१७ मध्ये तो पहिल्यांदा आघाडीवर गेला. त्याच महिन्यात आईला पत्र लिहिलं : जर्मनांकडून घेतलेल्या एका भुयारात पंचवीस माणसं दाटीने कोंबलेली, गुडघ्याच्या आसपास पाणी, वर जेमतेम चार फूट हवा, आणि बाहेरून मारा चालू. तोंडाशी उभ्या केलेल्या पहारेकऱ्याला स्फोटाने आत फेकलं आणि त्याची दृष्टी गेली. पत्रात हे येतं आणि पत्र पुढे जातं.

त्या पहारेकऱ्यावरची कविता, 'द सेन्ट्री', त्याने सुरू केली त्याच वर्षाच्या उन्हाळ्यानंतर, हॉस्पिटलात. पुरी झाली ती सप्टेंबर १९१८ मध्ये, तो परत फ्रान्सला गेल्यावर. मध्ये वीस महिने गेले. पत्रात नसलेल्या गोष्टी कवितेत आहेत. तो त्या पोराच्या पापण्यांजवळ मेणबत्ती धरतो आणि सांगतो, जरा जरी उजेड दिसला तरी तू आंधळा नाहीस. पोरगा रडत म्हणतो, नाही दिसत. मग इतर जखमींच्या धावपळीत सगळे त्याला विसरतात. आणि शेवटी अंधारातून तोच ओरडतो, दिवे दिसतायत मला! तेव्हा दिवे कधीच विझलेले असतात.

घटना घडली तेव्हा ओवेन अधिकारी होता, त्याला पंचवीस माणसं सांभाळायची होती. कविता लिहिली तेव्हा त्याला स्वप्नात ते डोळे दिसत होते, आणि कवितेत तो हे कबूलही करतो. युद्धाने त्याला विषय दिला हे खरं, पण त्या विषयाला शब्द मिळायला अंतर लागलं. हेच पुन्हा पुन्हा दिसतं. गद्यात तर ते अंतर आणखी वाढलं : ब्लंडेन, ग्रेव्हज, ससून या सैनिक-कवींच्या युद्धाच्या आठवणींची पुस्तकं १९२८ ते १९३० या काळात आली, डेव्हिड जोन्सचं 'इन पॅरेन्थेसिस' तर थेट १९३७ मध्ये.

याला अपवाद हवा असेल तर आयझॅक रोझेनबर्ग. त्याच्याबद्दल प्रश्न ११.

४. अनुभवाने लिहिणं 'बदललं' म्हणजे नेमकं काय बदललं?

सिगफ्रीड ससूनचं बघा. युद्धाआधी तो खाऊनपिऊन सुखी घरातला तरुण. घोडे, कोल्ह्यांची शिकार, क्रिकेट आणि पहाट-पाखरांवरच्या मऊ कविता. १९१५ मध्ये लिहिलेली त्याची युद्धकविताही तशीच मऊ होती, युद्धाने आपण पावन झालो अशा सुरातली. त्या नोव्हेंबरात रॉबर्ट ग्रेव्हजने त्याला आपल्या कविता दाखवल्या. ससूनला त्या फार उघड्यावाघड्या वाटल्या, युद्धावर असं लिहू नये म्हणाला. ग्रेव्हजने त्याला जुन्या शिपायाच्या थाटात सांगितलं, तुझी लिहिण्याची तऱ्हा लवकरच बदलेल. हा किस्सा ग्रेव्हजनेच लिहून ठेवलाय.

त्याच महिन्यात ससूनचा धाकटा भाऊ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. मार्च १९१६ मध्ये जिवलग मित्र डेव्हिड थॉमस गेला. जुलैत फ्रान्समध्ये सॉमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिशांचे १९ हजारांहून जास्त मेले. त्यानंतरचा ससून म्हणजे सात-आठ ओळींची कविता, बोलण्यातले शब्द, आणि शेवटच्या ओळीत कानाखाली वाजवावी तसा फटका. 'द जनरल' फक्त सात ओळींची आहे. हसतमुख जनरल येतो, शिपायांना गुड मॉर्निंग करतो, दोघे शिपाई म्हणतात, म्हातारा दिलदार आहे हं. शेवटच्या ओळीत कळतं, त्याच्या योजनेपायी दोघेही मेले.

तर बदललं काय? विशेषणं गळली. पाखरं राहिली, पण आता ती प्रेतांवर गात होती.

५. हा ससून म्हणजे आपल्या पुण्याच्या ससून हॉस्पिटलवाल्यांपैकी का?

होय! हा प्रश्न दर वेळी कुणीतरी दबकत विचारतं, जणू काही चुकीचं बोलतोय. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून हे सिगफ्रीडचे पणजोबा. पुण्याचं हॉस्पिटल, मुंबईच्या काळाघोड्याजवळची लायब्ररी, कुलाब्याचा ससून डॉक हे सगळं त्याच घराण्याचं. डेव्हिड ससून यांची कबर पुण्यात लाल देवळाच्या आवारात आहे. मासळी घ्यायला पहाटे ससून डॉकवर जाणाऱ्याला इंग्रजी कवितेतला तो जनरल आठवायचं कारण नाही, पण नाव एकच आहे.

सिगफ्रीडच्या वाट्याला मात्र घराण्याचा पैसा जवळपास आलाच नाही. वडिलांनी धर्माबाहेर, इंग्रज ख्रिस्ती बाईशी लग्न केलं म्हणून घराने त्यांना तोडलं होतं. तो इंग्लंडात, आईच्या संस्कारात वाढला.

६. ओवेन आणि ससून हॉस्पिटलात भेटले म्हणतात. तिथे नेमकं काय झालं?

एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं हॉस्पिटल होतं. शेल शॉक, म्हणजे लढाईच्या धक्क्याने मन ढासळलेल्या अधिकाऱ्यांसाठी. अधिकाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो, साध्या शिपायांची इतकी बडदास्त नव्हती. ओवेन जून १९१७ मध्ये तिथे आला. ससून पुढच्या महिन्यात आला, तो आजारी होता म्हणून नव्हे; ती भानगड प्रश्न ७ मध्ये.

ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचा भर कामावर होता. माणसाला काहीतरी करायला लावा, हात चालू राहिले की डोकं ठिकाणावर येतं. त्यांनी ओवेनला हॉस्पिटलचं मासिक सांभाळायला दिलं. ससूनचे डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मुळात मानववंशशास्त्रात रमलेले; निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ चा. ते रुग्णाला बोलतं करत. भयंकर आठवण दाबू नका, तिच्याकडे बघा, असं ते सांगत. हा सल्ला कवितेलाही लागू पडतो असं मला वाटतं, पण तो माझा तर्क.

ऑगस्टमध्ये ओवेन ससूनचं नुकतंच आलेलं पुस्तक बगलेत घेऊन सही मागायला त्याच्या खोलीवर गेला. वय २४, ओळख शून्य. पुढच्या काही आठवड्यांत 'अँथेम फॉर डूम्ड यूथ' तयार झाली. तिचे मसुदे जपलेले आहेत, आणि त्यांवर ओवेनच्या अक्षरात मध्येमध्ये ससूनची पेन्सिल दिसते. शीर्षकात आधी 'डेड' होतं, मेलेल्या पोरांसाठी. ससूनने 'डूम्ड' सुचवलं, म्हणजे मरण कपाळी लिहिलेल्या पोरांसाठी. एका शब्दाने कविता मागे वळून बघायची थांबली आणि अजून जिवंत असलेल्यांकडे बघू लागली. एकमेकांच्या कविता नुसत्या 'छान छान' म्हणून परत करणाऱ्या मंडळींनी हे मसुदे एकदा बघावेत.

७. ससून युद्धाविरुद्ध बोलला आणि परत लढायला गेला. ओवेनला शौर्यपदक मिळालं. मग हे युद्धविरोधी कसे?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. पाठ्यपुस्तकांतला 'युद्धविरोधी कवी' हा शिक्का इथे सुटतो.

ससूनने जुलै १९१७ मध्ये जाहीर निवेदन काढलं : हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय, मी यात यापुढे भाग घेणार नाही. ते ब्रिटिश संसदेत वाचलं गेलं, वर्तमानपत्रात छापून आलं. कोर्ट मार्शल व्हायची वेळ. ग्रेव्हजने खटपट करून त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं आणि त्याची रवानगी क्रेगलॉकहार्टला झाली. सरकारलाही ते सोयीचं पडलं. हुतात्म्यापेक्षा आजारी माणूस परवडतो. तरी काही महिन्यांनी तो आपण होऊन परत गेला. मत बदललं म्हणून नाही. आपली माणसं तिथे मरतायत आणि आपण इथे गोल्फ खेळतोय, हे त्याला सोसेना. जुलै १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागली, तीही आपल्याच बाजूच्या माणसाची. त्यातून वाचला आणि १९६७ पर्यंत जगला. (त्याने आपलं शौर्यपदक नदीत फेकलं असं सांगतात. फेकली ती फक्त फीत.)

ओवेनही ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस परत गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या हल्ल्यासाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. मानपत्रात लिहिलंय की शत्रूची मशिनगन ताब्यात घेऊन त्याने स्वतः चालवली आणि शत्रूची मोठी हानी केली. पुढे घरच्यांनी पत्रव्यवहार छापताना हे वाक्य सौम्य करून टाकलं. माणसं मारली याच्या जागी कैदी पकडले असं आलं. करुणेच्या कवीच्या हातात मशिनगन घरच्यांनाच बघवेना.

ओवेनने आपल्या नियोजित संग्रहासाठी लिहिलेल्या टिपणात म्हटलंय की त्याचा विषय युद्ध आणि युद्धातली करुणा हा आहे, आणि कविता त्या करुणेतच आहे. युद्ध थांबवा, असं तो तिथे म्हणत नाही. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. पंचवीस वर्षांचा होता. आठवड्याने युद्ध संपलं. हयातीत छापून आलेल्या त्याच्या कविता पाच.

८. ओवेनची यमकं चुकलेली वाटतात. अनुवादकाची चूक की मूळातच?

मूळातच, आणि मुद्दाम. तो व्यंजनांचा सांगाडा तसाच ठेवतो आणि मधला स्वर बदलतो : 'हॉल' आणि 'हेल', 'ग्रॉइन्ड' आणि 'ग्रोन्ड'. मराठीत म्हणायचं तर 'दार' आणि 'दूर', 'पाठ' आणि 'पीठ'. कान यमकासाठी तयार होतो, व्यंजनं येतात, स्वर हुकतो. थाप समेवर पडता पडता घसरावी तसं. 'स्ट्रेंज मीटिंग' पूर्ण याच यमकात आहे. मेलेला सैनिक खालच्या जगात त्यानेच मारलेल्या शत्रूला भेटतो. त्या दोघांचं जुळता जुळता न जुळणं यमकातच बसवलंय.

माझा या कवितेचा अनुवाद एका दिवाळी अंकाने छापला. अंक हातात आला तर 'दार–दूर'च्या जागी 'दार–वार', आणि पुढेही तेच. फोन केला. पलीकडून अगदी आपुलकीने उत्तर आलं, "अहो, यमकं चुकली होती, आम्ही नीट करून घेतली."

९. 'डल्चे एट डेकोरम एस्ट' म्हणजे काय? कवितेच्या शेवटी लॅटिन का?

ती रोमन कवी हॉरसची ओळ. मायभूमीसाठी मरण येणं गोड आहे आणि शोभून दिसणारं आहे, असा अर्थ. तेव्हाच्या इंग्लंडात शाळेत लॅटिन शिकलेल्या प्रत्येक पोराला ती पाठ होती. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातल्या चॅपलच्या भिंतीवर ती १९१३ मध्ये कोरली गेली. ओवेनने तिला सरळ 'जुनं खोटं' म्हटलं.

त्याआधी काय घडतं ते वाचा. थकलेली, अर्धवट झोपेतली पलटण चिखलातून मागे निघाली आहे. काहींचे बूटही गेलेत. गॅसचे गोळे येऊन पडतात. सगळे धडपडत मुखवटे चढवतात, एकाला जमत नाही. बोलणारा मुखवट्याच्या धुरकट काचेतून, हिरव्या उजेडात, त्याला समुद्रात बुडताना बघावं तसा बघतो. मग त्याला गाडीत टाकतात आणि बोलणारा त्या गाडीमागून चालतो. शेवटी तो कुणालातरी 'मित्रा' म्हणतो. हा मित्र कोण, ते मसुद्यात दिसतं : आधी ही कविता जेसी पोप या बाईंना अर्पण होती. त्या वर्तमानपत्रांत पोरांना भरतीसाठी डिवचणारी चटपटीत पद्यं लिहीत. नंतर अर्पणपत्रिका खोडली गेली.

मराठीत याचा अनुवाद करताना मी अडलो तो इथेच. आपल्याकडे 'वीरमरण' आहे, 'धारातीर्थी पडणं' आहे. दुसरा शब्द तर केवढा सुंदर. तलवारीच्या धारेलाच तीर्थ केलं! गीतेतलं 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्' ठेवून पाहिलं, पण वाचणारा कवितेऐवजी गीतेवरच भांडत बसला असता. शेवटी लॅटिन तसंच ठेवलं आणि त्या आधीच्या ओळीत 'धारातीर्थी' घातलं. तो शब्द कसा चमकतो आणि कशावर चमकतो, दोन्ही दिसावं म्हणून.

१०. मग रूपर्ट ब्रुक खोटं लिहीत होता का?

नाही. त्याने जे पाहिलं नव्हतं त्यावर लिहिलं, इतकंच. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पहून माघार घेताना त्याने थोडं युद्ध पाहिलं. देशासाठी मरण गोड मानणारी 'द सोल्जर'सह पाच सुनीतं त्यानंतरची. एप्रिल १९१५ मध्ये ईस्टरला ते सुनीत लंडनच्या सेंट पॉल्समध्ये व्यासपीठावरून वाचलं गेलं. २३ एप्रिलला ब्रुक मेला, डास चावून रक्तात विष पसरल्याने, गॅलिपोलीच्या वाटेवरच्या जहाजावर. लढाई दोन दिवसांनी सुरू झाली. चार्ल्स सॉर्ले हा एकोणीस वर्षांचा कवी तेव्हाच म्हणाला होता की ब्रुक स्वतःच्या त्यागातच फार गुंतलाय. सॉर्ले ऑक्टोबरात पडला.

११. हे सगळे अधिकारी दिसतात. साध्या शिपायांचं काय?

दोघांना तरी वाचाच.

आयझॅक रोझेनबर्ग लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू घरातला. चित्रकार होता. भरती झाला तो देशप्रेमापेक्षा आईला पगार पोचावा म्हणून. बुटका, म्हणून बुटक्यांसाठी काढलेल्या पलटणीत. त्याला ना स्वतःची खोली, ना क्रेगलॉकहार्टसारखी बडदास्त. मिळेल त्या चिटोऱ्यावर लिहायचं, घरी पाठवायचं, बहीण टाइप करायची. 'ब्रेक ऑफ डे इन द ट्रेंचेस'मध्ये पहाटे खंदकाच्या कडेवरचं पॉपीचं फूल उपटून कानामागे खोवताना त्याच्या हातावरून उंदीर जातो. तो उंदराला म्हणतो, तू आमचा हात शिवलास, आता पलीकडे जाऊन जर्मनाचाही शिवशील. तुझे हे दोन्हीकडचे संबंध कळले तर तुला गोळीच घालतील. ओवेनची करुणा इथे नाही, राग तर अजिबात नाही. माझ्या मते या सगळ्या काळातली सगळ्यात शहाणी कविता हीच, आणि ती खरोखर तिथे, १९१६ मध्ये लिहिलेली. प्रश्न ३ मधलं माझं म्हणणं इथे तोकडं पडतं, हे मान्य. १ एप्रिल १९१८ ला तो मारला गेला.

दुसरा आयव्हर गर्नी. संगीतकार आणि कवी, ग्लॉस्टरशरच्या पलटणीतला शिपाई. खंदकात त्याने गाण्यांना चाली लावल्या. १९१७ मध्ये आधी गोळी लागली, मग गॅस. १९२२ पासून १९३७ मध्ये मरेपर्यंत तो वेड्यांच्या इस्पितळात होता, आणि तिथेही युद्धावरच लिहीत राहिला. कवी एडवर्ड थॉमसची विधवा हेलन त्याला भेटायला गेली ती नवऱ्याचे नकाशे घेऊन. पलंगावर नकाशा पसरला, आणि गर्नी बोटाने आपल्या गावाकडच्या वाटा, ओढे, फाटकं शोधत त्यांवरून चालला.

१२. एडवर्ड थॉमसच्या कवितांत युद्ध दिसतच नाही. तो सैनिक-कवी कसा?

कारण युद्ध त्याच्या कवितांच्या कडेला उभं आहे. तो पोटासाठी पुस्तकपरीक्षणं लिहिणारा. अमेरिकन मित्र रॉबर्ट फ्रॉस्टने तुझं गद्य ही कविताच आहे म्हणून मागे लागल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये, छत्तिशीत, पहिल्यांदा कविता लिहायला बसला. दोन वर्षांत शंभरावर लिहिल्या. ३७ वर्षांचा, बायको आणि तीन मुलं, कुणी सक्ती केली नव्हती, तरी १९१५ मध्ये भरती झाला. कशासाठी लढणार, असं एका मैत्रिणीने विचारलं तर वाकून चिमूटभर माती उचलली आणि म्हणाला, अक्षरशः हिच्यासाठी.

१९१५ च्या ईस्टरवरची त्याची चार ओळींची कविता आहे. रानात संध्याकाळी फुलं दाट उरलीत. बस. ती खुडायला प्रेयसीबरोबर जे आले असते ते दूर आहेत, आणि आता कधीच खुडणार नाहीत. तोफ नाही, प्रेत नाही. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत तो मारला गेला. आघाडीवर पोचल्यावर त्याने कविता जवळजवळ लिहिलीच नाही.

(फ्रॉस्टची ती दोन वाटांची कविता, जिच्या ओळी आपण प्रेरणेसाठी पोस्टरांवर छापतो, ती थॉमसच्या फिरताना कोणती वाट घ्यावी यावर घुटमळण्याची थट्टा म्हणून सुरू झाली होती.)

१३. इंग्रजीबाहेर कुणी?

थोडक्यात तिघे. ऑस्ट्रियाचा गेओर्ग ट्राकल, औषधांचा जाणकार म्हणून सैन्यात. ग्रोडेकच्या लढाईनंतर नव्वदेक जखमी एकट्याच्या भरवशावर सोडलेले, औषधं नाहीत. 'ग्रोडेक' ही कविता लिहिली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये कोकेनच्या अतिसेवनाने गेला. फ्रान्सचा अपोलिनेर, डोक्याला जखम, १९१८ मध्ये फ्लूने गेला. इटलीचा उंगारेत्ती : त्याच्या 'सैनिक' कवितेत शरदातल्या झाडांवरच्या पानांसारखे आहोत, एवढंच म्हटलंय. मराठी वाचकाला हा पटकन जवळचा वाटतो, आपल्याला लहान कवितेची सवय आहे.

१४. आपले लाखो जवान गेले होते. त्यांच्यात कवी नव्हते का?

१० लाखांहून जास्त भारतीय त्या युद्धात समुद्रापार गेले, ७४ हजारांच्या आसपास परतले नाहीत. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली, त्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कुट-अल-अमारा इथे उपासमारीनंतर ती शरण गेली. यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ते पत्र सांगत, दुसरा लिहून घेई. फ्रान्समधून आलेली पत्रं सेन्सॉर उघडून वाचत आणि त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून ठेवत. तेच आज उरलेत.

त्यांत कविता शोधायची तर आडवाटेने जावं लागतं. एका पत्रात काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, पण काळी जास्त झणझणीत, अशा अर्थाचा मजकूर आहे. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला चकवायला माणूस रूपक वापरतो, तेव्हा त्याला कवी म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा.

आघाडीवर न गेलेला पण वर्दीने घडवलेला मोठा कवी म्हणजे बंगालीचा काझी नजरुल इस्लाम. १९१७ ते १९२० तो ४९ व्या बंगाली पलटणीत कराचीला हवालदार होता. 'विद्रोही' त्यानंतरची, आणि तिच्यातला कवायतीचा ताल लपत नाही.

मराठीसाठी माझ्याकडे संगमरवराची एक फरशी आहे. साताऱ्याकडे आणि कोकणात अनेक गावांत दिसते. या गावातून महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. इंग्रजीत. फक्त आकडे, नावं नाहीत. माझ्या आजोळी ती चावडीच्या भिंतीत आहे आणि निवडणुका आल्या की तिच्यावर पोस्टर चिकटतं.

१५. महाराष्ट्रावर कुणा सैनिक-कवीने लिहिलंय का?

लिहिलंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. अलन लुईस, वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातला शिक्षक, जन्म १९१५. दुसऱ्या महायुद्धात साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीबरोबर १९४२ च्या अखेरीस तो भारतात आला, पुणे-नीरा भागात छावणीत राहिला. फुटबॉल खेळताना जबडा मोडला आणि पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात पडून राहावं लागलं. त्यावर कविता आहे. 'द मराठा घाट्स' आहे, त्यात तडकलेली खोरी, भाजलेले डोंगर आणि वाट चढणारा भिकारी आहे. सैनिकाला तो भूमिहीन म्हणतो.

आणि 'करंजे व्हिलेज' आहे. करंजे! झाडूवाला सांगतो, गावात सोन्याच्या छपराचं देऊळ आहे. इंग्रजी ओळीत 'गाव' हा शब्द जसाच्या तसा बसलाय. लुईसला दिसतात ती डुकरं, गिधाडं, विहिरीपाशी पुटपुटणाऱ्या म्हाताऱ्या, सोल्जर दिसले की वाट बदलणाऱ्या जांभळ्या कपड्यांतल्या पोरी. मग ओसाड माळावर दगडांच्या ढिगाशेजारी छोटा दगडी विष्णू. (माझी पैज आहे, तो विष्णू नव्हता, म्हसोबा असणार.) गावकरी त्याला परके आणि कठोर वाटतात, हे तो लपवत नाही. पण 'द पेझन्ट्स'मध्ये तो कॅमेरा उलटा फिरवतो : सैनिक रखडत चाललेत आणि शेतकरी बघतायत, त्यांना मरताना. बेकारीत पिचलेलं खाण कामगारांचं खोरं पाहून आलेल्या माणसालाच हे सुचावं.

तो प्रत्यक्ष लढाईत उतरलाच नाही. त्याचं युद्ध म्हणजे आगगाड्या, ऊन, कंटाळा, हॉस्पिटलची खाट. ५ मार्च १९४४ रोजी ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने गेला. चौकशीत अपघात ठरला, आत्महत्येची चर्चा थांबली नाही. या कवितांचा संग्रह १९४५ मध्ये, मागाहून आला.

१६. ओवेनच्या खिशात टागोरांची कविता होती हे खरं का?

खरं. ऑगस्ट १९१८ मध्ये शेवटचा निरोप घेताना तो आणि त्याची आई सुझन समुद्राकाठी उभे होते, पलीकडे फ्रान्स. तिथे त्याने 'गीतांजली'तली ओळ म्हटली. इथून जाईन तेव्हा निरोपाचा शब्द हाच असू दे, की जे पाहिलं त्याला तोड नाही. पुढे त्याची खिशातली वही घरी आली, तीत हेच शब्द त्याच्या अक्षरात होते, खाली टागोरांचं नाव. आईने १९२० मध्ये टागोरांना पत्र लिहून हे सगळं कळवलं. आणि विचारलं, पूर्ण कविता कुठल्या पुस्तकात मिळेल?